न पाठवलेल्या मजकुराबाबत खुलासा

"आधीच सांगतो, इस्वास ठेवू नका," सोनाजी म्हणाले. "आता मी जे सांगणार हाय ते माझ्या सख्ख्या भावानं सांगितलं असतं तरी मी ठेवला नसता. ठेवला तर तुमी येडे, न्हाई ठेवला तर मी येडा. तुमचं तुमी ठरवा."

अमरसिंगच्या हॉटेलात त्या मंगळवारी सकाळी सहा गिऱ्हाइकं होती. सहाही जणांनी मनातल्या मनात काय ते ठरवलं आणि चहा मागवला.

वसमतच्या स्टँडसमोरच्या या हॉटेलात सोनाजींना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो निदान त्यांचा आवाज ओळखतो. एकतीस वर्षं ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' असं त्यांनी नुसतं म्हटलं की दीडशे माणसं पिशव्या उचलून पळायची. आपल्या शब्दावर दीडशे माणसं पळतात, ही सवय फार वाईट. रिटायर झाल्यावर सोनाजींनी घरात 'माझा चष्मा कुठं हाय' असं त्याच आवाजात विचारून पाहिलं. कुणी मानसुद्धा वळवली नाही.

अशा पडत्या काळात त्यांना नेमणूक मिळाली.

त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या फोनवर 'हाळी' नावाचं निरोप पाठवायचं ॲप होतं. एके दिवशी त्यात सूचना आली : 'नव्या सोयी सगळ्यांच्या आधी वापरायच्या आहेत? बीटा परीक्षक व्हा.' बीटा म्हणजे कच्चा माल. सगळ्या जनतेला द्यायच्या आधी थोड्या लोकांना वापरायला द्यायचा, आणि त्यांनी चुका शोधून कळवायच्या. असली सूचना आली की शहाणी माणसं ती अंगठ्यानं उडवून लावतात. सोनाजींनी ती वाचली. खालच्या अटीसुद्धा वाचल्या, आणि त्याही मोठ्यानं, डाळ निवडत बसलेल्या बायकोसमोर, जनकाबाईंसमोर. एकोणिसाव्या अटीला जनकाबाईंनी विचारलं, "पगार किती हाय?"

"मानद हाय."

"म्हंजे फुकट."

"मानद म्हंजे मानाचं."

"तेच म्हणलं मी," असं म्हणून जनकाबाई सूप घेऊन आत गेल्या.

'अभिनंदन! आपण आता आमचे बीटा परीक्षक आहात' असं पत्र आलं. सोनाजींनी त्याच्या तीन प्रती छापून घेतल्या. मग त्यांच्या मनात आलं की आपण पेन्शनर. दुसरी नेमणूक घ्यायची तर ना-हरकत दाखला लागत असेल. ते एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. तिथल्या बाबूनं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "नेमणूक पगारी असली तर नमुना अ. धंदा असला तर नमुना ब. बिनपगारी नेमणुकीचा नमुनाच न्हाई, काका."

"मंग मी काय करू?"

"थोडा पगार घ्या."

चार चकरांनंतर बाबूनं पत्राच्या पाठीमागं 'पाहिले' असं लिहून सही दिली. सोनाजींनी ती सही लॅमिनेट केली.

आता काम कसं करायचं, तर एकतीस वर्षं केलं तसं. त्यांनी दोनशे पानांची नोंदवही आणली आणि लाल शाईनं रकाने आखले : सुटला, पोचला, वाचला, उशीर, उशिराचे कारण. स्टँडवर गाडी उशिरा आली की ते ड्रायव्हरकडून लेखी खुलासा घ्यायचे. निरोप म्हणजे तरी काय, गाडीच. इथून सुटतो, तिथं पोचतो. मधे वेळ गेला तर कुणीतरी जबाबदार असणारच.

पहिली सापडली शेजारची धुरपताबाई.

"धुरपताबाई, सकाळचा सुविचार सहा बाराला पोचला. तुमी वाचला आठ चाळीसला. दोन तास अठ्ठावीस मिनिटं उशीर. कारण?"

"म्हैस व्याली."

सोनाजींनी 'म्हैस व्याली' असं लिहून तिची सही मागितली. तिनं शेणाचा अंगठा पुढं केला.

पलीकडच्या घरात प्रेमदास राहायचा. मूळचा तांड्यावरचा, बावीस वर्षं वसमतहून गाड्या घेऊन जाणारा ड्रायव्हर, आणि सोनाजींचा एकुलता एक मित्र. तो म्हणाला, "सोनाजीभाऊ, नोकरीत तुमाला खुलासे लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. आता रिटायर झालो तरी सुटका न्हाई का? माझं ऐका, तकलीफ घेऊ नका. कंपनीला कशाला कळतंय?"

कंपनीला कळत होतंच की. सोनाजी दर सोमवारी अहवाल पाठवत. 'विषय : हिरवा ठिपका माणूस झोपल्यावरही दिसत असल्याबाबत.' 'विषय : नमस्काराच्या चित्रात हाताची बोटे सहा असल्याबाबत.' कंपनीकडून दर वेळी एकच उत्तर यायचं : 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' अशी एक्केचाळीस उत्तरं आली. सोनाजींनी एक्केचाळीसही छापून फाइलला लावली. मोलाचं काही घरात आलं तर ते जपून ठेवावं, एवढी समज त्यांना होती.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला नवी आवृत्ती आली, आणि इथून पुढं इस्वास ठेवायचा प्रश्न येतो.

नव्या आवृत्तीत समोरचा माणूस लिहायला लागला की खाली फिकट अक्षरात तो काय लिहितो आहे ते सगळं दिसायला लागलं. त्यानं पाठवायच्या आधी. आणि त्यानं ते खोडलं, तर खोडलेलंसुद्धा आडवी रेघ मारून तसंच राहायचं. कंपनीत कुणीतरी तपासणीसाठी ही सोय चालू केली असणार आणि बंद करायला विसरला असणार. इतरांच्या फोनवर तसलं काही नव्हतं. परीक्षक कोण? फक्त सोनाजी.

पहिल्या दिवशी धुरपताबाईचं आलं. फिकट अक्षरात : 'म्हातारं सकाळीच उटून लोकायच्या मागं लागतंय.' रेघ. मग ठळक : 'शुभ सकाळ भाऊ.'

सोनाजींना वाटलं, एकटी धुरपताबाई असेल. पण गल्लीच्या गटात त्यांनी नव्या आवृत्तीची माहिती अठरा ओळींत टाकली, आणि खाली अकरा माणसं लिहायला बसली. अकराही जणांनी आधी जे लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही. पाठवला मात्र अकराही जणांनी एकेक अंगठा. माणसं किती सभ्य असतात, हे सोनाजींना त्या दिवशी प्रथमच कळलं, आणि त्यांना ते सहन झालं नाही.

बारावा प्रेमदास. त्याचं शेवटी आलं. 'याला कोणीतरी परत ड्युटीवर घ्या रे. माणूस चांगला होता.' रेघ. मग ठळक : 'बराबर हाय भाऊ.'

'होता' या शब्दाकडं सोनाजी बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी वही काढून नोंद केली. सुटला : नाही. पोचला : होय.

ही चूक कंपनीला कळवणं हे परीक्षकाचं पहिलं कर्तव्य. एकतीस वर्षांत त्यांनी एक कर्तव्य चुकवलं नव्हतं. पण लोकांच्या पोटातलं एकदा दिसायला लागलं की ती खिडकी स्वतःच्या हातानं लावून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्या सोमवारच्या अहवालाचा विषय होता : 'घंटीचा आवाज बारीक असल्याबाबत.'

नेमकं त्याच दिवसांत करुणाचं जमत आलं होतं. करुणा म्हणजे सोनाजींची एकुलती एक लेक, दवाखान्यात नर्स. वय एकोणतीस, आणि आजवर चार स्थळं परत गेलेली. चारही वेळा मुलगी पसंत पडली होती. मग स्थळं परत का गेली, याचा शोध घरात कुणी घेतला नव्हता. जनकाबाईंना कारण ठाऊक होतं, पण ते त्यांच्या समोर बसून वही लिहीत असायचं.

पाचवं स्थळ शिरड शहापूरचं. खंदारे गुरुजी, रिटायर मुख्याध्यापक, आणि त्यांचा मुलगा सुगत, शेतीखात्यात नोकरीला. बघायला आले, पोहे झाले. सुगत आणि करुणा मागच्या अंगणात अर्धा तास बोलत होते आणि तिकडून दोनदा हसण्याचा आवाज आला. जनकाबाईंनी हा आवाज ऐकून देव्हाऱ्यातल्या बुद्धाच्या फोटोला हात जोडले. गुरुजी जाताना म्हणाले, "सोनाजीराव, दोन-चार दिवसांत कळवतो."

ते शिरडला पोचेपर्यंत सोनाजींचे त्यांना तीन निरोप गेले. 'गाडी मिळाली का?' 'बसायला जागा मिळाली का?' 'पोचल्याची वेळ कळवावी.'

गुरुजी लिहायला बसले. फिकट अक्षरं उमटू लागली : 'पोरगी सोनं हाय. सुगतच्या मनात भरली. पण इवाई अवघड हाय. घंट्यात चार येळा इचारतो. लेकराचा संसार ह्याच्या वहीत जाईल.' रेघ. मग ठळक : 'पोचलो. जय भीम.'

सोनाजींच्या कानशिलातून वाफ निघाली. त्यांनी दवाखान्यात ड्युटीवर असलेल्या करुणाला निरोप टाकला : 'गुरुजींना स्पष्टपणे एक पत्र लिहू म्हणतो. तुझे मत कळव.'

तिचं उत्तर यायला नऊ मिनिटं लागली. त्यातली आठ मिनिटं ती फिकट अक्षरात होती. 'बाबा, पाया पडते. चार दिवस त्यांना काहीच पाठवू नका. मला सुगत आवडलाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्याबद्दल विचारलं.' रेघ. मग ठळक : 'तुमची मर्जी.'

सोनाजींनी ही नोंदही वहीत जशीच्या तशी उतरवली. वेळही बरोबर टाकली. आणि लेकीचं मन त्यांनी राखलं, हे त्यांच्या शत्रूनंही कबूल करायला हवं. चार दिवस म्हणाली होती. सोनाजींनी चार दिवस फोन उशाला उलटा घालून ठेवला. जेवण गेलं नाही. स्टँडवर जाऊन गाड्या मोजून आले. जनकाबाईंना वाटलं माणूस सुधारला.

पाचव्या दिवशी दहा वाजून एका मिनिटानं चार दिवस पूर्ण झाले. दहा वाजून दोन मिनिटांनी पत्र गेलं.

'विषय : आपण न पाठवलेल्या मजकुराबाबत खुलासा. महोदय, मुद्दा क्र. १ : मी तासात चार वेळा विचारतो, हे खरे नाही. नोंदवहीप्रमाणे तीन वेळा विचारले. मुद्दा क्र. २ : मुलगी सोने आहे, याबाबत दुमत नाही. मुद्दा क्र. ३ : मी अवघड आहे, या आरोपास पुरावा द्यावा.' असे सात मुद्दे. शेवटी, 'सात दिवसांत उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

शिरडला गुरुजींनी ते वाचलं आणि खाटेवर बसले. जे आपण कुणाला बोललो नाही, जे लिहून स्वतःच्या हातानं पुसलं, ते शब्दाला शब्द परत आलं होतं. आधी त्यांनी बायकोवर संशय घेतला. मग तो फोन धोतराच्या फडक्यात गुंडाळून हळदीच्या पोत्यात पुरला, म्हणजे आत जो कोणी बसला असेल त्याला ऐकू जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पिवळा फोन घेऊन ते हिंगोलीला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, पहले ये बताओ, इसमें हल्दी कैसे गयी?" गुरुजींनी ते सांगितलं नाही. नवा फोन घेतला.

पण शिरडपासून वसमतपर्यंत बातमी पोचायला फोन लागत नाही. वसमतचा सोनाजी कंट्रोलर लोकांच्या मनातलं वाचतो, असं झालं. इथून पुढं सोनाजींच्या सांगण्यात थोडी भर पडते, ती ऐकणाऱ्यानं आपापल्या हिमतीनं वजा करावी. कुरुंद्याहून एक बाई आली. सुनेला एक निरोप पाठवा आणि ती काय खोडते ते सांगा म्हणाली. नरसीहून दोघं भाऊ आले. वाटणीबद्दल एकमेकांच्या पोटात काय आहे ते त्यांना हवं होतं. सोनाजींच्या म्हणण्याप्रमाणे रांग अमरसिंगच्या हॉटेलापर्यंत आली होती. अमरसिंगच्या म्हणण्याप्रमाणे तीन माणसं होती आणि त्यातली दोन फक्त पाणी पिऊन गेली.

गल्लीच्या गटातून मात्र माणसं भराभरा निघून गेली. 'धुरपताबाई बाहेर पडल्या.' 'प्रेमदास बाहेर पडले.' शेवटी गटात सोनाजी एकटे उरले. त्यांनी प्रेमदासला दारात गाठलं.

"काहून बाहेर पडलास?"

प्रेमदास जमिनीकडं बघत म्हणाला, "भाऊ, बावीस वर्षं तुमी माझ्यावर चिडत होता, मी तुमच्यावर चिडत होतो. पण समोर आलो की राम राम करत होतो का न्हाई? तेवढ्यावर तर चाललं होतं. तुमी तेबी ठेवलं न्हाई."

त्या संध्याकाळी करुणा ड्युटीवरून आली. दवाखान्यातही बातमी पोचली होती. पर्स खांद्यावरून न काढता तिनं विचारलं, "बाबा, माझं खोडलेलंबी दिसतं का तुमाला?"

"न्हाई," सोनाजी म्हणाले. "घरच्यांचं दिसत न्हाई. कंपनीनं तशी सोय ठेवली हाय."

करुणा हातपाय धुवायला गेली. जेवताना ती काही बोलली नाही. बोललं तर खोडता येत नाही, म्हणून असेल.

पान वाढलेलं तसंच ठेवून सोनाजी उठले आणि त्यांनी अहवाल लिहिला. सोमवारची वाटही बघितली नाही. 'विषय : समोरच्या व्यक्तीने न पाठवलेला मजकूर परीक्षकास दिसत असल्याबाबत. ही चूक अतिगंभीर असून तातडीने दुरुस्त व्हावी. ही बाब कळवण्यास उशीर झाला. उशिराचे कारण :' यापुढं त्यांना काही सुचलं नाही. जागा मोकळी सोडून त्यांनी अहवाल पाठवला.

कंपनीनं पहिल्यांदा वेगळं उत्तर दिलं. 'आपण आमच्या सर्वांत महत्त्वाच्या परीक्षकांपैकी एक आहात. दुरुस्त आवृत्ती रविवारी येईल.' आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि सोनाजींना ते छापावंसंही वाटलं नाही.

रविवारी सकाळी दुरुस्त आवृत्ती आली. तिच्या माहितीत एकच ओळ होती : 'किरकोळ चुका दुरुस्त केल्या.' सोनाजींनी ती चढवली, वेळ वहीत टाकली आणि फोन समोर ठेवून बसले. आता कुणाचंच काही दिसणार नव्हतं. त्यांना हलकं वाटायला हवं होतं.

अर्ध्या तासानं पडद्यावर आलं : 'खंदारे गुरुजी लिहीत आहेत.'

गुरुजी लिहीत होते. थांबले. परत लिहायला लागले. परत थांबले. बावीस मिनिटं हे चाललं. बावीस मिनिटांत माणूस किती लिहू शकतो, किती खोडू शकतो! सोनाजींनी फोन तोंडाजवळ आणला, चष्मा पुसला, उन्हात नेऊन पाहिलं. पडदा कोरा. जनकाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. करुणा दाराआड होती. फक्त ओढणीचं टोक दिसत होतं.

मग ठळक अक्षरात आलं : 'आमचा नकार समजावा. मुलीबद्दल काही तक्रार नाही. जय भीम.'

हॉटेलात सोनाजींनी इथं चहाचा घोट घेतला आणि कप समोरच्या वहीशेजारी ठेवला. चहा कधीच गार झाला होता. अमरसिंगनं स्टोव्हची वात खाली केली. नाही म्हणत म्हणत प्रेमदासही येऊन कोपऱ्यातल्या बाकावर टेकला होता.

"आता खरी गंमत ऐका," सोनाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम स्टँडवरचा झाला, लांबच्या फलाटापर्यंत जाणारा. "तुमी म्हणताल, नकार आला, संपलं. न्हाई. त्या बावीस मिनिटांत गुरुजींनी काय लिहिलं ते मी बघितलं हाय. ह्या डोळ्यांनी. त्यांनी लिहिलं, 'सोनाजीराव, तुमी हेकट हाईत, पण करुणासारखी लेक नशिबाला येत न्हाई. आमचा व्हकार हाय. तारीख काढा.' व्हकार! अक्षरं पुरी झाली, गुरुजींचा अंगठा बटणावर गेला, अन् तेवढ्यात ते अपडेट आलं. त्यानं व्हकार गिळला अन् नकार बाहेर काढला. चूक गुरुजींची न्हाई. पोरीची तर न्हाईच न्हाई. तिला नको म्हणणारा अजून जन्मला न्हाई. चूक कंपनीची हाय. मी कळवणार हाय तसं."

कुणी हसलं नाही. धोंड्यासारखा माणूस असं काही रचून सांगतो तेव्हा हसू येत नाही. प्रेमदासनं मान हलवली, "बराबर हाय भाऊ," आणि या वेळी त्यानं आधी काही खोडलं नसावं.

"बाबा."

करुणा दारात उभी होती. रात्रपाळी करून परस्पर इकडं आली होती, पांढऱ्या कपड्यांत, हातात गाडीची किल्ली. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत आली आणि सोनाजींच्या समोरची वही तिनं स्वतःकडं ओढली. सोनाजींनी वहीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला, हळूच, पेशंटचा करतात तसा.

ती मागून पानं उलटू लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. नऊ मिनिटं लागलेला तो निरोप तिथं होता, तिचाच, शब्दाला शब्द, सोनाजींच्या वळणदार अक्षरात, आणि त्याच्यावर पट्टीनं मारलेली लाल रेघ. तिनं तो सगळा वाचला. मग तिनं पान उलटलं, रविवार काढला, आणि स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"दुरुस्त आवृत्ती चढवली, अकरा पाच. गुरुजी लिहू लागले, अकरा चाळीस." तिनं वही मिटून त्यांच्यासमोर ठेवली. "अपडेट आधी झालं, बाबा. तुमाला त्यांचं एक अक्षर दिसलेलं न्हाई. खोटं बोलून राहिले तुमी."